लोखंडी कपाटातली म्हातारी

माझं शिक्षण चौथी. पाचवीत नाव घातलं होतं, पण बसायला गेलो नाही. उभा जन्म उद्यमनगरात फौंड्रीत साचे ठोकण्यात गेला. अशा माणसानं पुस्तकांवर लिहावं म्हणजे बैलानं नांगरावर भाषण करावं तसं आहे. पण आमच्या गल्लीतल्या वाचनालयात एका पुस्तकावर बंदी आली, आणि त्या पुस्तकासाठी भांडायला गेलेला माणूस एकटा मीच. शिकलेले सगळे त्या दिवशी कामात होते.

वाचणारी माझी बायको. कागलची, सातवी पास. लग्न होऊन आली ती महिन्याभरात वाचनालयाची सभासद झाली. माझी आई म्हणायची, "सून आणलीया का मास्तरीण?" पण फौंड्रीतनं आलो की माझे पाय म्हणजे भाजलेली रताळी असायची. ती घमेल्यात कडत पाणी काढायची, त्यात मूठभर मीठ टाकायची, आणि मी पाय सोडून बसलो की पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायची. पाणी गार झालं की पुस्तक बंद. हा आमच्या घरचा कायदा. ऐन भरात गोष्ट आली की मी म्हणायचो, "आणि एक तांब्या कडत वत." कुठल्या लेखकाला किती तांबे लागले त्यावर आमच्या घरी त्याची किंमत ठरायची.

पहिल्या वर्षी तिनं एक गोष्ट वाचली. त्यात पुरात बैल वाहून जातो. मी त्या दिवशी जेवलो नाही.

"अवो, गोष्ट हाय ती," ती म्हणाली.

"गोष्ट आसूंदे. पर बैल कशाला मारायचा? लिवणाऱ्याचं काय खाल्लंतं त्यानं?"

त्यानंतर तिनं चांगले लेखक हुडकून काढले असावेत. कारण पुढं आमच्या घरात आलेल्या एकाही पुस्तकात कुणी मेलं नाही. माणसं आजारी पडायची, पुरात सापडायची, विहिरीच्या काठापर्यंत जायची, पण परत यायची. मी एकदा विचारलं, "तुझ्या पुस्तकात कोण मरत न्हाय व्हय गं?"

"मी बगून आणते," ती म्हणाली.

मला ते बरोबर वाटलं. भाजी बघून आणते, तसं पुस्तक बघून आणते.

मागच्या दसऱ्यानंतर ती अंथरुणाला लागली. फौंड्री सुटून मला वर्षं झाली होती, पायाला काही होत नव्हतं, पण कायदा तो कायदा. आता पाणी मी तापवायचो, घमेल्यात पाय सोडून तिच्या कॉटशेजारी बसायचो आणि ती पडल्या पडल्या वाचायची. पुस्तक गगनबावड्याकडच्या एका म्हातारीचं होतं. डोंगरावरचं घर, सदा पाऊस, म्हातारा नवरा, लेक लांब दिलेली, आणि म्हातारी आजारी. रोज आमचं तेवढंच चालायचं. "आज म्हातारी उठून बसली बगा," ही सांगायची. दुसऱ्या दिवशी म्हातारी पेज प्याली. मग तिनं म्हाताऱ्याला जळण भिजवलं म्हणून दम दिला. त्या दिवशी मी दोन तांबे जादा ओतले.

मला त्या म्हातारीचं फार बरं वाटायचं. एवढ्या पावसात, ना डॉक्टर ना रस्ता, तरी उठतीय. मग आपल्याकडं तर दवाखाना रिक्षानं हाकेवर. मी मनात हिशेब घालायचो की म्हातारीला जमतंय ते हिला का जमणार नाही.

हिला जमलं नाही. पुस्तकात खराट्याची काडी खूण म्हणून घातली होती, ती तिथंच राहिली.

दहाव्याला पंचगंगेवर पिंड मांडला, तर कावळा शिवेना. पोरगा म्हणाला, "आई, आबांना मी बघतो." कावळा झाडावर. सून म्हणाली, "आत्या, तुमची तुळस वाळू देणार नाही." कावळा झाडावरच. कागलहून आलेला तिचा भाऊ काहीतरी पुटपुटला, ते कावळ्यालाही ऐकू गेलं नसेल. ऊन चढलं. भटजी घड्याळाकडं बघायला लागले. तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "आबा, त्येंचं पुस्तक निम्मं ऱ्हायलंय की."

मी मोठ्यानं म्हणालो, "तुझं पुस्तक मी पुरं करतो गं. जा तू."

कावळा आला. आता ऊन वाढलं होतं, त्याला भूकही लागली असेल. पण चार माणसांत बोललो ते बोललो.

घरी येऊन बघतो तर पुस्तक नाही. सून म्हणाली, "मामा, गेल्या आठवड्यात घर आवरताना सापडलं. दंड नको बसायला म्हणून मी देऊन आले." सुनेचं बरोबर होतं. आमच्या घरात नेहमी दुसऱ्याचंच बरोबर असतं, त्याशिवाय का अशा गोष्टी होतात.

वाचनालयात गेलो. तिथं पुस्तकं देणारी मुलगी शाहूवाडीकडची, शिकलेली, बोलायला मऊ. माझ्या बायकोकडं ती रेसिपी विचारायला घरी यायची. मला बघून उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, ते पुस्तक आता देता येत नाही. लोखंडी कपाटात गेलं."

आमच्या वाचनालयाचं लोखंडी कपाट सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचा आक्षेप आला की पुस्तक त्यात जातं. एक नवराबायकोच्या संसारावरचं आहे, त्यात चित्रं आहेत; ते कपाटात गेल्यापासून जास्त फाटलं. एक कोंबडी रांधायच्या तऱ्हांचं आहे, कारण ते श्रावणात समोरच्या फळीवर मांडलं होतं आणि एका सभासदाला सहन झालं नाही. श्रावण संपला, कोंबडी आत राहिली. एकात कुणाच्या तरी पणज्याची लढाईत पाठ दिसते. घालणाऱ्याला कपाट आहे, काढणाऱ्याला नाही. आत घालायला अर्ज पुरतो, बाहेर काढायला ठराव लागतो.

"म्हातारीनं काय केलं?" मी विचारलं.

"म्हातारीनं काही नाही. पुढच्या पुस्तकानं केलं."

हे समजायला तिला कोपऱ्यातली खुर्ची मला द्यावी लागली. झालं होतं असं. पूर्वीचे एक सेक्रेटरी काटकसरी होते. बारकी पुस्तकं ते दोन-दोन एकत्र बांधून घ्यायचे, म्हणजे एका पुठ्ठ्यात दोन निघतात. नंबर पुढच्या पुस्तकाचा पडायचा, मागचं बिननंबरी. आमच्या म्हातारीच्या पुढं एक छोटा फार्स बांधलेला होता. ज्याला माहीत तो मागचं मागायचा. माहीत असलेल्यांत माझी बायको होती.

त्या फार्सात एका तालीम मंडळाचा अध्यक्ष आहे. गणपतीच्या वर्गणीतनं मटणाची पंगत घालतो आणि हिशेब विचारला की मिशीवरनं हात फिरवतो. पुस्तक आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षाच्या जन्माआधीचं. पण कुणीतरी त्यातल्या एका पानाचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली काहीच लिहिलं नाही. काही लिहिलं असतं तर भांडता आलं असतं. गल्ली नुसती हसली. मग अध्यक्ष चहाच्या गाड्यावर आला आणि सवयीनं मिशीवर हात गेला, तशी आणखी हसली. दुसऱ्या दिवशी वाचनालयात अर्ज. अर्जात लिहिलं होतं की सदर पुस्तकानं समस्त गल्लीच्या भावना दुखावल्या आहेत. मी त्याच गल्लीत राहतो. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि माझ्या भावना त्या आठवड्यात दुसऱ्या कारणानं दुखावल्या होत्या.

मीही अर्ज दिला. मला बैठकीला बोलावलं.

आताचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना सर म्हणतात. कमिटीचे लोक टेबलाभोवती, प्रत्येकापुढं चहा. अध्यक्ष एका बाजूला पाहुणा म्हणून बसला होता, पण त्याच्याच बशीत बिस्कीट होतं.

"काका, आपला अर्ज समजला," सर म्हणाले. "पण ते पुस्तक आक्षेपार्ह आहे."

"पुढचं असंल. मला मागचं पायजे."

"मागचं म्हणजे?"

"एका पुठ्ठ्यात दोन हाईत. पुढं मंडळाचं, मागं म्हातारीचं."

सरांनी रजिस्टर मागवलं, चष्मा चढवला, बोट लावून बघितलं. "या नंबरावर एकच पुस्तक आहे. दुसऱ्याची नोंद नाही. म्हणजे ते पुस्तक आपल्या वाचनालयात नाही."

"कपाट उघडून बगा की."

"कपाट उघडायला ठराव लागतो."

"मग करा ठराव."

"कशाबद्दल करायचा? नसलेल्या पुस्तकाबद्दल?"

मी म्हणालो, "सर, मग नसलेल्यावर बंदी तरी कशी घातलीसा?"

"बंदी घातलेलीच नाही. जे नाही त्यावर बंदी येत नाही. आणि जे नाही ते देताही येत नाही." सरांनी हे इतक्या समाधानानं सांगितलं की मला क्षणभर वाटलं, गणित सुटलं.

"बरं, पुढचं तरी तुमी वाचलंय का?"

"वाचायची गरज काय? आक्षेप आला की पुस्तक आक्षेपार्ह होतं."

मी अध्यक्षाकडं वळलो. "आणि तू रं?"

"मी कशाला वाचू, आबा? वाचून डोस्कं का फिरवून घ्यायचं?"

"मग तुज्यावर हाय ह्ये तुला कसं कळलं?"

"सगळी हसत्यात न्हवं."

"मग मिशी काढ की. एक वस्तारा लागंल. पुस्तकाला कुलूप लावून काय हुतंय?"

कमिटीतले सगळे एकदम चहा प्यायला लागले. अध्यक्षाचा हात मिशीकडं निघाला होता तो त्यानं मध्येच कानाकडं वळवला.

मला खरं तर तिथंच उठून यायचं होतं. पण घाटावर बोललेलं आठवलं. मी म्हणालो, "हे बगा. मला तुमच्या मंडळाशी, मिशीशी काय करायचं न्हाय. ती वाचता वाचता गेली. निम्मं ऱ्हायलंय. पिंडाम्होरं शबूद दिलाय मी. पुस्तक न्हाय दिलंसा, तर तिला काय सांगू? रजिस्टरला नोंद न्हाय म्हणून?"

 मग अध्यक्षच म्हणाला, "काकी वाचत हुत्या व्हय त्ये?" त्यानं हिला खांदा दिला होता. माणूस वाईट नाही. वाईट असता तर अर्ज न करता थेट काच फोडली असती. तो म्हणाला, "द्या त्येस्नी, सर. पर हितंच बसून वाचायचं. आणि पुढचं उघडायचं न्हाय."

ते कसं जमवायचं यावर चहाची दुसरी फेरी झाली. शेवटी मार्ग निघाला: पुढच्या पुस्तकाची पानं सुतळीनं करकचून बांधायची आणि मागची मोकळी सोडायची. कपाट उघडलं. पुस्तक निघालं, दोन निघाली. सर नुसतं "हं" म्हणाले. मळणीच्या बैलाला मुसकी बांधतात तशी त्या फार्साला सुतळी बांधली, आणि ठरलं की मी वाचून झाल्यावर मागच्या पुस्तकात काही आक्षेपार्ह आहे का ते कमिटीला सांगायचं. म्हणजे सगळ्या वाचनालयात पुस्तक वाचून मत द्यायचं काम चौथी शिकलेल्या माणसाकडं आलं.

रोज सकाळी मी जायचो. मुलगी कपाट उघडून पुस्तक द्यायची, मी तिच्या टेबलाशेजारी बसायचो. सुतळीची गाठ मी स्वतः मारलेली होती, फौंड्रीत पेट्या बांधायची गाठ. दुसऱ्या दिवशी बघतो तर गाठ निराळी. तिसऱ्या दिवशी आणखी निराळी. पुढं एकदा तर इतकी नीटनेटकी गाठ होती की शाळेत मास्तरकी केलेलाच माणूस ती मारेल. मी मुलीकडं बघितलं. ती म्हणाली, "मला विचारू नका, आबा. किल्ली कमिटीकडंही असते." बंदी येईपर्यंत त्या फार्साला वर्षात एक वाचक मिळत नव्हता.

माझी गोष्ट वेगळी झाली. काडी होती तिथंच होती. मी तिथून सुरुवात केली. बोट लावून, ओठ हलवत, एका पानाला चहा थंड होईल अशा चालीनं. पहिल्याच ओळीत लेक आईची लुगडी बायकांत वाटत होती.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाची आई. गावात म्हाताऱ्या काय कमी असतात. पण खाली त्याच म्हाताऱ्याचं नाव, तेच घर, तोच पाऊस. मी एक पान मागं गेलो. तिथं तेरावं चाललं होतं. आणखी मागं गेलो. तिथं म्हातारा जळणाच्या ढिगापाशी बसलेला, आणि त्याला कुणी दम देत नव्हतं.

"पोरी," मी म्हणालो, "ही आवृत्ती दुसरी तर न्हाय?"

"एकच आहे आबा. का?"

"काय न्हाय."

मी मागं मागं जात राहिलो. त्यातच सगळी सकाळ गेली. म्हातारी पुस्तकाच्या निम्म्याच्याही अलीकडंच मेली होती. ती उठून बसली नव्हती. पेज प्याली नव्हती. जळणावरून बोलली नव्हती. म्हातारी उठून बसली असं मी ऐकलं त्या संध्याकाळी माझी बायको डोळ्यापुढं पुस्तक धरून, मधनंमधनं पान उलटत, जे तिथं नव्हतं ते वाचत होती. पान उलटायला ती विसरत नव्हती, हे मला चांगलं आठवतं. दम देतानाचा आवाज तर असा काढला होता की मी हसलो होतो, आणि मग तिला खोकला आला होता.

मग तो बैल आठवला. आणि त्यानंतरची सगळी पुस्तकं. पुरातनं परत आलेली माणसं, विहिरीवरनं माघारी फिरलेल्या बायका. त्यातले किती जण खरोखर परत आले होते, देव जाणे. आता ती पुस्तकं परत काढून बघायची माझी छाती नाही. इथं कमिटीशी मी भांडत होतो की न वाचता पुस्तक कोंडता कसं. आणि माझ्या घरात उभा जन्म बंदी चालू होती, वाचून, पान न् पान बघून, एका माणसासाठी. अर्ज कुणी केला होता? मीच. न जेवता.

मुलीनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. पुस्तक तिनं वाचलेलं असावं, कारण "काय झालं" असं तिनं विचारलं नाही.

शब्द दिला होता म्हणून मी पुढचं पुरं केलं. लेक दाराला कुलूप लावून जाते. म्हातारा जावयाच्या घरी ओट्यावर बसतो आणि पाऊस बघतो. लेखकाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पाऊस अगदी हुबेहूब पडतो त्यात. पण पुस्तक मिटल्यावर मला शब्द पाळल्यासारखं वाटेना. मी कबूल केलं होतं ते तिचं पुस्तक पुरं करायचं. हे छापलेलं होतं. तिचं होतं त्यात म्हातारी दम देऊन चुलीपाशी बसली होती, आणि पुढं काय ते ठरायचं होतं.

कमिटीची बैठक लागली. तेच टेबल, तोच चहा. अध्यक्ष आला होता. मिशी होती, पण जरा बारीक केल्यासारखी वाटली. सरांनी कागद पुढं ओढला. "काका, थोडक्यात सांगा. मागच्या पुस्तकात आहे काय?"

"म्हातारी हाय. आजारी असती. मग बरी हुती."

"बरी होते?" सरांनी लिहिलं.

"व्हय. आधी उठून बसती. पेज पिती. मग म्हाताऱ्याला दम देती, जळण भिजवलं म्हणून."

"आमची आय बी तसंच करती," अध्यक्ष म्हणाला. "मग?"

टेबलाशी मुलगी शिक्के मारत होती. तिचा हात थांबला. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"मग पाऊस सरतो," मी म्हणालो. "थंडी पडती. म्हातारी काठी टेकत लेकीच्या गावाला जाऊन येती. लेक म्हणती, ऱ्हा हितंच. म्हातारी म्हणती, न्हाय बाई, त्यो तिकडं चुलीत वलं जळण घालून बसला आसंल. परत येती."

"बरं. आणि शेवट?"

शेवट मी ठरवून गेलो नव्हतो. म्हणालो, "चालून चालून तिचं पाय सुजल्यालं असत्यात. म्हातारा पाणी तापवतो. घमेल्यात वततो, मीठ टाकतो, तिचं पाय त्यात सोडतो. जन्मात पयल्यांदा. ती म्हणती, लई कडत हाय. तो म्हणतो, आसूंदे. मग तो आणि एक तांब्या वततो."

"आणि?"

"आणि काय न्हाय. बसत्यात दोघं. पाणी गार झालं की पुस्तक संपतं."

सरांनी लिहिलं. लिहिताना थोडा वेळ घेतला. मग चष्मा पुसून म्हणाले, "यात आक्षेपार्ह काही दिसत नाही." अध्यक्ष म्हणाला, "चांगलं हाय की. आईला वाचून दाखवाय पायजे." सगळ्यांनी माना हलवल्या. एकानं तर असलं साहित्य आता कोण लिहितं, असंही म्हटलं.

ठराव झाला तो असा: मागचं पुस्तक निर्दोष आहे, सबब त्याला रजिस्टरला नोंद द्यावी. मात्र ते पुढच्यापासून सुटं करता येत नाही, सबब दोन्ही कपाटातच राहावीत. कुणाला मागचं वाचायचं असेल तर अर्ज करावा.

बैठक उठल्यावर मुलगी पुस्तक घेऊन कपाटापाशी गेली. खराट्याची काडी पानातनं बाहेर डोकावत होती.

"आबा, ही काढू?"

"न्हाय. ऱ्हाऊदे तिथंच."

तिनं कुलूप लावलं. अध्यक्षानं अजून अर्ज केलेला नाही, आईला वाचून दाखवायला. तो करील ही भीती मला पहिले काही दिवस होती, आता नाही. आणि हे मी इथं लिहून ठेवलंय ते कमिटीच्या वाचण्यात येऊन मी खोटा पडेन म्हणाल, तर त्याचीही काळजी वाटत नाही. त्यासाठी कुणीतरी आधी यावर आक्षेप घ्यायला लागेल.